झिपरू मिस्तरी आणि मुनिमाची पाठ

झिपरू मिस्तरी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसे. रस्त्यात समोरून कोणी ओळखीचं आलं तर तो बाजूला सरे, त्याला पुढे जाऊ देई, चार पावलं त्याच्या मागून चाले आणि मग म्हणे, "रामराम, आबा." माणूस दचके. मिरचीच्या हंगामात नंदुरबारला बाहेरगावचे व्यापारी येत, ते तर आधी खिसा चाचपत आणि मग वळून बघत. एका नव्या शिपायाने त्याला पाकीटमार समजून फौजदारापुढे उभं केलं होतं. मिस्तरी फौजदाराला म्हणाला, "साहेब, ह्या पोऱ्याना उजवा खांदा चढी जायेल शे. महिनाभर बंदूक डावा खांदावर देवा." फौजदाराने शिपायाला पाठमोरं उभं केलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "खरंच की!" त्या दिवसापासून शिपायाची बंदूक डाव्या खांद्यावर गेली आणि मिस्तरी घरी गेला.

"मानूस तोंड बदली लेस," तो सांगे. "शेटपुढे एक, घरवालीपुढे दुसरं. पाठ बदलता येत नही. पाठले माहीतच नही का तिले कोनी देखी ऱ्हायनं."

बायांच्या पाठीकडे मात्र तो चुकूनही बघत नसे. सुपडाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तशी शपथ घालून ठेवली होती.

तो खुर्च्या करी. त्या काळी नंदुरबारात खुर्च्या होत्या तरी किती? कचेरीत होत्या, दवाखान्यात होत्या, स्टेशनवर होत्या. व्यापाऱ्यांच्या पेढीवर गादी आणि तक्के, शेतकऱ्याच्या ओट्यावर खाट, आणि बाकीचं गाव जमिनीवर. अशा गावात एका माणसाने सगळं आयुष्य खुर्चीत घालावं याचं सुपडाबाईला रोज नव्याने नवल वाटे. तिला झाडू मारायलाही जागा उरली नव्हती. "घरमा बठाले जागा नही," ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "आनि हाऊ खुर्च्या करी ऱ्हायना!" मिस्तरी स्वतः खुर्चीवर कधी बसला नाही. उकिडवा बसून समोरच्या खुर्चीकडे बघत राही. का बसत नाहीस असं विचारलं तर म्हणे, "मी वर बठनू ते खुर्ची माले दिखी कशी?"

आणि त्याच्या खुर्च्या कापून, खिळे मारून केलेल्या नसत. वाकवलेल्या असत. पायापासून निघालेलं लाकूड पाठीवरून वळसा घेऊन दुसऱ्या पायात उतरे, मधे सांधा नाही. हे त्याला शिकवलं एका मोडक्या खुर्चीने आणि एका धनुष्याने. खुर्ची विलायती होती, स्टेशनच्या वेटिंग रूममधून फेकून दिलेली. तिचा सांधा शोधण्यात त्याचे आठ दिवस गेले. बोटाने चाचपून झालं, नखाने खरवडून झालं, शेवटी जिभेने चाटूनही पाहिलं. नवव्या दिवशी मोलगीच्या डोंगरातला दित्या धामणीच्या झाडाच्या काठ्यांचा भारा घेऊन आला. दित्या वर्षानुवर्षं तापी ओलांडून त्याला लाकूड आणून देई आणि बदल्यात मीठ नेई. मिस्तरी खुर्ची चाटतो आहे हे बघून तो पोट धरून हसला. मग त्याने खांद्यावरचं धनुष्य काढलं आणि खुर्चीच्या पाठीला लावून धरलं. वळण तेच. धामणीची काठी भिजवायची, शेकायची आणि वाकवायची, हे त्यांच्याकडे लहान पोरांनाही येतं. मिस्तरीने दित्याचे पाय धरले. दित्या इतका घाबरला की मीठ न घेताच डोंगरात परत गेला.

पण धनुष्याची काठी बोटाएवढी असते, ती विस्तवावर शेकून वाकते. खुर्चीचं लाकूड मनगटाएवढं, त्याला तास-तासभर वाफ लागते, भरपूर वाफ. आणि वाफ होती भिंतीच्या पलीकडे, आमच्याकडे.

मी हरकचंद शेटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरवर आगवाला होतो. वय बावीस. मराठी चौथीतून शाळा सोडलेली, घर राजापूरच्या खाली खाडीकाठी, मधे बोट, दोन गाड्या आणि चार दिवस. मी कोकणातला असं सांगितलं तर इथले लोक मला नवापूरकडच्या डोंगरातला कोकणी जमातीचा समजत आणि त्या बोलीत काहीबाही विचारत. मी घाबरून सगळ्याला हो म्हणे. मला सगळ्याचंच भय वाटे. बॉयलरच्या काट्याचं, शेटच्या चपलांच्या आवाजाचं, आणि कोणी "किती शिकलास?" असं विचारेल याचं.

एके दिवशी सकाळी वाफेच्या दाबाचा काटा खाली येऊ लागला. मी लाकडं टाकली, तो आणखी खाली आला. मी पाइप तपासत बॉयलरच्या मागे गेलो तर एका कॉकला, म्हणजे तोटीला, चिंध्या आणि माती लावून पोकळ बांबू बसवलेला, आणि बांबू भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेलेला. मी धावत वळसा घालून गेलो. एक किडकिडीत माणूस उकिडवा बसून लांबट लाकडी पेटीतून काठ्या बाहेर काढत होता. पेटीच्या फटीफटीतून आमची वाफ निघत होती.

"हे काय चाललंय?" मी म्हणालो. माझाच आवाज फाटला.

"फिर," तो म्हणाला.

"काय?"

"पाठ फिराव."

मी फिरलो. कशाला फिरलो ते आजही सांगता येणार नाही. त्याने माझी पाठ बराच वेळ पाहिली. "तू घाबरस," तो म्हणाला. "भलताच घाबरस. चांगलं शे. निडर मानूस बॉयलरवर ऱ्हायना ते गाव उडी जाई."

मला तोपर्यंत सगळ्यांनी भीती सोड म्हणून सांगितलं होतं. बापाने, मास्तरांनी, बोटीवरच्या खलाशाने. ती ठेव म्हणणारा हा पहिलाच. मी परत जाऊन कॉक थोडा जास्त उघडला आणि लाकडं वाढवली.

भिंतीपलीकडून वर जाणारी वाफ शेटला चार दिवसांनी दिसली. हरकचंद शेट माणूस सज्जन, हळू बोलणारा, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालणारा. त्याने मिस्तरीला बोलावलं. "मिस्तरी, ये क्या है?"

"शेट, तुमनी वाफ वर जाई ऱ्हायनी व्हती," मिस्तरी म्हणाला. "मी आडी करी लिधी."

शेटने वर जाणाऱ्या वाफेकडे पाहिलं, मग बांबूकडे. आणि त्याच सुमाराला तो एका काळजीत होता. हिवाळ्याच्या दौऱ्यावर कलेक्टरसाहेब नंदुरबारला येणार होते आणि शेटकडे चहाला यायचं त्यांनी कबूल केलं होतं. शेटच्या नव्या बंगल्यात दिवाणखाना होता, झुंबर होतं, बसायला मात्र गाद्याच. मागच्या वर्षी तंग पाटलोण घातलेले मामलेदार गादीवर बसले ते उठेनात. दोघांनी काखेत हात घालून काढले. तेव्हा ठरलं असं. मिस्तरीने साहेब येण्याआधी बारा खुर्च्या करून द्यायच्या. चांगल्या झाल्या तर जिनचा बॉयलर पेटता आहे तोवर वाफ त्याची, आणि बांबूच्या जागी लोखंडी पाइप आत्तापासूनच. काही उणं पडलं तर पाइप कापायचा.

मिस्तरीने घरी येऊन पेटीतल्या काठ्या मोजल्या. मग म्हणाला, "वाफ गई ते मी वखरना दांडा करसू. सरय दांडा." दुसरा कोणी "तुरुंगात जाईन" म्हणेल तसं तो "सरय", म्हणजे सरळ, म्हणाला.

आता त्याची काम करायची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटणार नाही. मिस्तरीच्या मते खुर्ची ही खोलीसाठी नसते, पाठीसाठी असते. म्हणून तो आधी पाठ घेई. एका उभ्या चौकटीत काळी कपाशीची माती भुसा घालून मळलेली असे. गिऱ्हाइकाने सदरा काढायचा, पाटावर बसायचं आणि त्या गार चिखलात पाठ रुतवायची. सुपडाबाई दाराकडे तोंड करून उभी राही आणि गिऱ्हाईक विव्हळलं की ओरडे, "हालू नका दादा, नहीतर पुन्हा बठनं पडी!" माती वाळली की त्या खळग्यात चुना, विटेची भुकटी आणि गुळाचं पाणी यांचा काला ओतायचा. तीन आठवड्यांनी माती फोडली की आतून दगडासारखी टणक, पांढरी पाठ निघे. वाफवलेलं लाकूड त्या पाठीवर वाकवायचं आणि लोखंडी पट्टी आवळून पाचरी मारायच्या.

त्याच्या पडवीत अशा सतराअठरा पाठी भिंतीशी ओळीने उभ्या होत्या. डोकी नाहीत, हात नाहीत, नुसत्या पाठी. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा उंबरठ्याबाहेरच थांबलो. सुपडाबाईला त्याचं काही नव्हतं. "डाक्टरवर लुगडं वाये घालेल शे, ते काढी लय," ती मला सांगे, "आनि फौजदारवरल्या मिरच्या पलटी टाक." शाळेतले म्हातारे हेडमास्तर दर रविवारी स्वतःची पाठ बघायला येत. तिच्यासमोर काठी टेकून उभे राहत. "मी मागून असा दिसतो होय," एवढंच म्हणत आणि जात.

फौजदाराच्या पाठीत गूळ जास्त पडला होता. पावसाळ्यात तिला मुंग्या लागल्या आणि डावा खांदा गेला. मिस्तरी तसाच कचेरीत गेला आणि भरल्या लोकांत हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमनी पाठ मुंग्यासनी खाई टाकी." फौजदार त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठ खाजवत होते असं शिपाई सांगत.

पोस्टमास्तरांची पाठ तर ऐन मिरचीत घेतलेली. बाजारात लाल मिरची पसरली की सगळं गाव शिंके. पोस्टमास्तर चिखलात बसले आणि नेमकी त्यांना शिंक आली. साच्यात मधोमध एक धक्का उमटला. मी म्हणालो, "मिस्तरी, पुन्हा घेऊ या." तर म्हणाला, "काबर? शिंक बी त्यानीच शे." खुर्ची तशीच झाली. तिच्यावर कोणीही बसलं की त्याला शिंक येतेय येतेय असं वाटे आणि येत नसे. पोस्टमास्तर ती खास सासऱ्यांसाठी ठेवत.

तर शेटच्या खुर्च्या. मिस्तरी चौकट घेऊन बंगल्यावर गेला. मी पाण्याची घागर घेऊन बरोबर होतो. शेटने चिखल पाहिला आणि दोन पावलं मागे सरला. "मिस्तरी, ओल्या मातीत जीव असतात. ते मी पाठीने चिरडू?"

मिस्तरीने कानाला हात लावले. "नका, शेट. मंग पाठ कोनी लेवानी?"

शेटने थोडा विचार केला. "मुनीमजी देतील."

यात शेटला काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या घरात कोणालाच वाटलं नसतं. आत्माराम मुनीम तापीकाठच्या शेतकरी घरातले, तीस वर्षं त्या पेढीवर. शेटचे मुखत्यार तेच. सही तेच करत, कोर्टात शपथ तेच घेत. शेटला जमलं नाही तर दुखवट्याला जाऊन तेच डोळे पुसत. दोन लग्नांत ते शेटच्या वतीने जेवले होते आणि घरी येऊन स्वतःचं वेगळं जेवले होते. त्यांनी क्षणभर वर बघत मुखत्यारपत्र आठवलं. "'इतर सर्व कामे' असं शे त्यामा," ते म्हणाले. "पाठ त्यामा येस." आणि सदरा काढला.

ती पाठ! तीस वर्षं ढाळत्या मेजावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर वाकून वह्या लिहिलेली. डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं खाली. मधला कणा धनुष्यासारखा बाहेर आलेला आणि मान पुढे झुकून उजवीकडे वळलेली, जणू सतत ओळीच्या शेवटचा आकडा वाचते आहे. साचा फोडून ती पांढरी पाठ बाहेर आली तेव्हा मिस्तरीने तिच्यावरून दोन्ही हात फिरवले. सुपडाबाईने तिच्यावर काही वाळत घातलं नाही. "बिचारा," एवढंच म्हणाली.

मी मात्र म्हणालो, "मिस्तरी, ह्या पाठीच्या बारा खुर्च्या? बसणार कलेक्टर!"

"शेटनी जी पाठ दिधी ती पाठ. मी का दुसरानी चोरी लयसू?"

"निदान शेटला सांगा तरी. वाफ जाईल."

त्याचा हात थांबला. वाफेचं नाव काढलं की तो थांबे. मग म्हणाला, "खोटी पाठवर खरं लाकूड वाकाडानं, हाई मन्हा हातथीन व्हनार नही. तुले सांगानं व्हई ते सांग."

मी शेटकडे निघालो. बंगल्याच्या फाटकापर्यंत गेलो, चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि परत आलो. म्हणजे त्या बारा खुर्च्यांत माझाही वाटा आहे. वाफ मीच सोडत होतो.

खुर्च्या झाल्या त्या देखण्याच झाल्या. लाखेचं पॉलिश असं चढलं होतं की झुंबर त्यांत बारा वेळा दिसे. कोणी बसून पाहिलं नाही. मिस्तरी बसत नसे, आणि शेटचं म्हणणं, नवी वस्तू, पहिला मान साहेबांचा.

चहाचं पाणी उकळायला बॉयलरवाला म्हणून मलाच बोलावलं होतं, त्यामुळे मी दिवाणखान्याच्या दारातून सगळं पाहिलं. कलेक्टरसाहेब, उंच ताठ इंग्रज, आले आणि बसले. बसताना ताठ होते. मग हळूहळू त्यांचा डावा खांदा खाली गेला, छाती आत गेली, मान पुढे येऊन उजवीकडे वळली. ते गालिच्याकडे बघू लागले. साहेब बसले म्हणून प्रांत बसले, मामलेदार बसले, फौजदार, डॉक्टर, हेडमास्तर, पोस्टमास्तर आणि गावातले आणखी चार मानकरी बसले. बघता बघता अकरा माणसं एकाच बाजूला कलली, एकाच वेळी वाकली. प्रत्येकाच्या मांडीवर जणू खतावणी ठेवली होती. मामलेदारांना वाटलं साहेब प्रार्थना करताहेत. त्यांनी डोळे मिटले. मग बाकीच्यांनीही मिटले.

शेट त्यांच्यापुढे हात जोडून उभा होता. सगळं सरकार आपल्यापुढे मान लववून बसलं आहे हे पाहून त्याचे डोळे भरून आले. त्याने स्वागताचं चार वाक्यांचं भाषण केलं. धामणीचं लाकूड श्वासागणिक किंचित हले आणि दर वाक्याला अकरा माना डोलल्या. मी मनात म्हटलं, वाचलो. वाफ वाचली.

बारावी खुर्ची रिकामी होती. रेल्वेचे कोणी अधिकारी येणार होते, त्यांची गाडी चुकली. साहेबांना, मान तशी असल्यामुळे, दाराशी उभे असलेले मुनीम तिरके दिसले. ते आपल्या घोटीव मराठीत म्हणाले, "हे गृहस्थ उभे का आहेत? बसा." शेटने डोळ्यांनी खूण केली. मुनीम बसले.

त्या खुर्चीने त्यांना असं आत घेतलं की काय सांगू. तीस वर्षं अधांतरी राहिलेली ती पाठ पहिल्यांदाच खालपासून वरपर्यंत कशाला तरी टेकली. मुनिमांच्या तोंडून "आऽऽह" असा आवाज निघाला. त्यांनी पाय लांब सोडले. हात पोटावर ठेवले. आणि अकरा वाकलेल्या माणसांच्या मधोमध एखाद्या संस्थानिकासारखे रेलून ते घोरू लागले.

साहेब निघताना मोठ्या कष्टाने उठले. खोलीभर नजर टाकली. एकच माणूस ऐसपैस बसलेला. यजमान तोच असणार. त्यांनी मुनिमांचा हात दोन्ही हातांत घेतला. "शेटजी, आपल्या पाहुणचाराबद्दल मी आभारी आहे."

मुनीम दचकून जागे झाले आणि सवयीने म्हणाले, "शेटतर्फे स्वीकारलं." साहेबांनी आपली रिकामी कपबशी बाजूला हात जोडून उभ्या असलेल्या माणसाकडे दिली. तो हरकचंद शेट होता.

मोटार फाटकाबाहेर गेल्यावर शेट माझ्याकडे वळला. आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "पाइप काट दे," तो म्हणाला. कपबशी अजून त्याच्या हातात होती.

मिस्तरी पडवीत उकिडवा बसून वाट बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं, साहेबांचं वाकणं, शेटची कपबशी, पाइपाचा हुकूम. त्याने एकच विचारलं, "मुनीम कसा बठना?"

"झोपला," मी म्हणालो. "घोरत होता."

मिस्तरीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "घोरना," तो म्हणाला. "घोरना का?" मग कोपऱ्यातली एक सरळ काठी उचलून त्याने डोळ्यासमोर धरली आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिला. 

मी करवत घेऊन पाइपाशी गेलो खरा. पण जिनचा नियम होता की मुनिमाच्या चिठ्ठीशिवाय यंत्राचा एक खिळाही हलवायचा नाही. मला शेटची भीती होती तशी नियमाचीही होती. दुसऱ्या दिवशी मी पेढीवर गेलो. तिथे मुनीम गादीवर नव्हते. बारावी खुर्ची त्यांनी हमालाच्या डोक्यावरून पेढीवर आणवली होती आणि तिच्यात बसले होते. समोर ते जुनं ढाळतं मेज, जमिनीपासून वीतभर.

"चिठ्ठी पाहिजे," मी म्हणालो. "वाफ बंद करायची."

त्यांनी लेखणी शाईत बुडवली, हात खाली सोडला. लेखणी कागदाच्या हातभर वर लोंबकळत राहिली. "पोचत नही," ते म्हणाले.

"खाली बसून लिहा ना, मुनीमजी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगितली होती. "तीस वरीस खाले बठनू. सकाय ये."

सकाळी गेलो. "सकाय ये." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी शेट स्वतः आला. "मुनीमजी, लिखो."

"लिखस ना, शेट. माले कुठे नही म्हननं शे? मेज उंच करी देवा."

शेटने स्वतः चिठ्ठी लिहायचा प्रश्न नव्हता. शेट स्वतः लिहू लागला हे बाजारात कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत पेढी बुडाल्याची बातमी सुरतेला गेली असती. मुनिमाला काढायचा तर वह्यांतलं दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. शेटने मिस्तरीला बोलावलं. "मुनीमजींना उंच मेज करून दे. लवकर."

"करसू," मिस्तरी म्हणाला. "पन कोपरासना साचा लेना पडी. आनि मेजना पाय वाकाडाना शेत, शेट. त्याले वाफ लागी."

 वाफ बंद करायची चिठ्ठी लिहायला मेज, आणि मेज करायला वाफ. मला वाटतं शेटला ते कळलं होतं. पण त्यात खोट अशी कुठेच नव्हती. "दो उसको," तो मला म्हणाला आणि खाली बघत निघून गेला.

मुनिमाच्या कोपरांचा साचा मिस्तरीने तीन हंगाम घेतला. कधी चुना कच्चा निघे, कधी दित्याचं लाकूड येत नसे, कधी मुनीमच म्हणत, "आज कोपर बरं नही." मधल्या काळात शेटकडे आणखी साहेब आले, त्या खुर्च्यांवर बसले, वाकले, शेटच्या वाक्यावाक्याला माना डोलावून गेले. शेट मेजाचं विचारायचा बंद झाला.

ही वाफ माणसाने बंद केली नाहीच. लढाई सुरू झाली त्या सुमाराला जिनमध्ये तेलाचं इंजिन आलं. बॉयलर थंड केला तो मीच, आणि त्याबरोबर माझंही काम संपलं. मिस्तरीला सांगायचं कसं या काळजीने मी दोन दिवस त्याच्या गल्लीतून गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर पडवीला कुलूप. सुरतेकडे जाणारी सकाळची गाडी होती. निरोप न घेताच मी ट्रंक उचलली.

गाडीत बसलो. इंजिन पाणी घेत होतं. पुढे, इंजिनापाशी, गर्दी जमलेली दिसली आणि कोणीतरी भांडतंय असं वाटलं. मी खिडकीतून डोकं काढलं. फलाटाच्या टोकाला हातगाडीवर एक पांढरी पाठ उभी होती. इंजिनाच्या एका कॉकला नळी लावलेली आणि नळी एका लांबट पेटीत. ड्रायव्हर बाहेर वाकून मजेत बघत होता. मिस्तरीने वाफाळणारं लाकूड बाहेर ओढलं, पाठीवर घातलं आणि जोर दिला. दुसरं टोक सुपडाबाईने धरलं होतं, पदर कमरेला खोचून, आणि ती सगळ्या रेल्वेला शिव्या देत होती. वाकवलेलं लाकूड शंभर आकडे मोजेपर्यंत हातात दाबून धरावं लागतं, मगच पाचर मारता येते. आधी सोडलं तर ते उसळून सरळ होतं.

शिटी झाली. तो पंचवीसवर होता. "ड्रायव्हरदादा, थांब जरासा!" तो ओरडला आणि लगेच, "सव्वीस! सत्तावीस!" ड्रायव्हरने नळी सोडवून त्याच्या अंगावर टाकली. गाडी हलली. माझा डबा त्याच्यासमोर आला तेव्हा त्याने मला पाहिलं. दोन्ही हात, एक गुडघा आणि हनुवटी लाकडावर होती. हलवायला काही मोकळं नव्हतं. "एकतीस!" तो मला ओरडून म्हणाला. "बत्तीस!"

चौतीसपर्यंत मला ऐकू आलं. पुढचे मी मोजले. समोरच्या मिरचीवाल्याने विचारलं, "काय मोजी ऱ्हायना, भाऊ?" मी त्याला हाताने थांब म्हटलं. शंभर होईपर्यंत मी खिडकीच्या गजावरची मूठ सोडली नाही.